प्लॅनवर सह्या घेऊ नका, खोली आधी जमिनीवर आखा

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की परभणीत २० खाटांचा दवाखाना बांधताय, खोलीचा प्लॅन सगळ्या सिस्टरना दाखवला, त्यांनी "छान आहे" म्हणून सह्याही केल्या, आता काम सुरू करू का? नका करू. आमच्याकडं हीच चूक झाली आणि सहा खोल्यांच्या चौकटी उखडाव्या लागल्या. नकाशा वाचायची सवय नसलेल्या माणसाची नकाशावरची सही काही कामाची नसते. त्यात मोठ्या डॉक्टरांसमोर कोण नाही म्हणतंय?

चार फुटी दार प्लॅनवर ऐसपैस दिसतं. दोन्हीकडून चौकटीचे अडीच-अडीच इंच गेले, उघड्या झडपेची जाडी गेली, की राहतात जेमतेम साडेतीन फूट. कठडे वर केलेली खाट सव्वातीन फूट. सलाईनचा स्टँड धरून चालणारी सिस्टर जाणार कुठून? चौकट बसल्यावर चार फूट मोकळे हवेत, असं ठेकेदाराला लिहूनच द्या. दीड झडपेचं दार (एक मोठी झडप, एक अर्धी) घेतलं तर सोपं पडतं.

रिकाम्या जागेत चुन्याच्या फक्कीनं खोली खऱ्या मापात आखा. मंडपवाल्याकडून बांबू-कापड आणून भिंती उभ्या करा. आत खरी खाट, स्ट्रेचर, लॉकर, नातेवाइकाचा बाक ठेवा. मग रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि सफाईच्या मावशींना बोलवा. मत विचारू नका, कामं करायला सांगा: रुग्ण स्ट्रेचरवर घेणं, खाट ओढून डोक्याशी उभं राहून अँबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबणं, मोबाइलच्या उजेडात सलाईन बदलणं, खाटेखाली पोछा मारणं. तुम्ही आणि आर्किटेक्टनं फक्त बघायचं. माणूस अडला तिथं खडूनं फुली. स्ट्रेचरच्या बाजूला साडेचार फूट का लागतात ते तिथंच कळतं: दोन फूट स्ट्रेचर, पलीकडं वाकून उभी दोन माणसं.

बाथरूमचं दार बाहेरच उघडलं पाहिजे. चक्कर येऊन पडलेला रुग्ण दाराला टेकला, तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही.

ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली भिंतीतून बरीच पुढं येते. ती खाटेच्या डोक्यामागं मधोमध नको, खाट मागं सरकली की फुटते. इन्व्हर्टरवरचे सॉकेट वेगळ्या रंगाचे घ्या आणि नातेवाइकांच्या चार्जिंगला बाकाजवळ स्वतंत्र सॉकेट द्या. नाहीतर मोबाइल लावायला कुणीतरी औषधाच्या पंपाची पिन काढतं, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो.

उन्हाळ्यात कूलर लागणारच, त्याची खिडकी आणि पाण्याचा निचरा आत्ताच ठरवा. बोअरच्या जड पाण्यानं कोपरानं चालवायचे नळ लवकर अडकतात, म्हणून सुटे भाग गावात मिळतील असेच नळ घ्या.

खाटेच्या मॉडेलप्रमाणं मापं बदलतात, आपली खाट टेपनं मोजूनच घ्या. ऑक्सिजन लाइन आणि आगीच्या नियमांचं मी सांगणार नाही, ते त्यातल्या जाणकारालाच विचारा. फुल्यांच्या जागी मापं लिहून फोटो काढा, प्लॅन बदलून घ्या, खोली पुन्हा आखा आणि त्याच मावशींना परत बोलवा.