कमी वाऱ्यात फॉइल: आधी पुढचा पंख बदला

फॉइल म्हणजे शिडाच्या बोर्डाखाली पाण्यात बसवलेला पंखांचा सांगाडा; वेग आला की तो बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो. आठ-दहा नॉट (ताशी सुमारे १५-१९ किमी) वाऱ्याला बोर्ड पाण्यावरून उठत नाही म्हणून लगेच मोठं शीड घेऊ नका. मी घेतलं होतं; फक्त हात भरून आले. उचल, म्हणजे पंखामुळे बोर्डाला वर ढकलणारं बल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की उचल पाव उरते, आणि ती भरून काढतो पुढचा मोठा पंख.

- सध्याचा ९०० चौ. सेंमी.चा असेल तर १६००-१८०० बघा. तुमच्या फ्यूजलाजवर (पुढचा-मागचा पंख जोडणाऱ्या दांड्यावर) बसतो का, हे पैसे देण्याआधी तपासा.
- मोठा पंख झटकन नाक वर काढतो. पुढच्या पायावर भार ठेवा.
- पंपिंग, म्हणजे शीड आणि बोर्ड तालात हलवून उचल मिळवणं, शिका. फुकट आहे!
- स्क्रूंना ग्रीस लावा, खाऱ्या पाण्यात ते जाम होतात.

मागच्या पंखाचा कोन वगैरे सध्या राहू द्या.