शीट खाली गेली तरी मथळे जागेवर

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. वाशीला पाठवलेल्या पेट्यांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. पहिल्या ओळीत बागेचं नाव, दुसरीत हंगाम आणि तिसरीत मथळे आहेत : तारीख, पेटी नंबर, डझन, दर, हमाली, आडत, पट्टीची रक्कम. नोंदी हजारावर गेल्यात. खाली गेलं की हमाली कुठली नि आडत कुठली, कळत नाही. ‘फ्रीझ टॉप रो’ केलं तर नुसतं बागेचं नाव अडकून राहिलं. परत केलं तर वरच्या ओळीच गेल्या! काय चुकतंय?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : आधी निर्धास्त व्हा, एकही नोंद पुसलेली नाही. ‘टॉप रो’ म्हणजे त्या घडीला पडद्यावर सगळ्यात वर दिसत असेल ती ओळ. तुम्ही खाली सरकलेले असताना, समजा ४० वी ओळ वर असताना ते बटण दाबलंत, तर ४० वी ओळ गोठते आणि तिच्या वरच्या ३९ ओळींपर्यंत माऊसने जाताच येत नाही.

‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘अनफ्रीझ पेन्स’ करा, मग कंट्रोल आणि होम दाबून शीटच्या माथ्यावर या. तुम्हाला ३ ओळी आणि डावीकडचे तारीख व पेटी नंबर हे २ कॉलम धरून ठेवायचेत. म्हणून सी४ या सेलवर क्लिक करा आणि ‘व्ह्यू’, ‘फ्रीझ पेन्स’, त्यातलं पहिलंच ‘फ्रीझ पेन्स’ निवडा. कीबोर्डवरून ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ, एकामागून एक. निवडलेल्या सेलच्या वरचं आणि डावीकडचं तेवढं गोठतं, हे एकदा ध्यानात बसलं की पुन्हा चुकणार नाही. ए४ निवडलात तर फक्त ओळी अडकतील, सी१ निवडलात तर फक्त कॉलम. ए१ वर असताना दाबलंत तर एक्सेल पडद्याच्या मधोमधच रेघ मारतं. बऱ्याच जणांचा घोळ तिथेच होतो.

बटण फिकट दिसत असेल तर बहुधा एखाद्या सेलमध्ये लिहिणं अर्धवट राहिलेलं असतं, एस्केप दाबा. किंवा शीट ‘पेज लेआउट’ दृश्यात असेल, ‘नॉर्मल’ करा. आणि हे प्रत्येक शीटला वेगळं करावं लागतं. मार्चच्या शीटला केलं म्हणून एप्रिलच्या शीटला आपोआप होत नाही.

बागेत मोबाइलवर गूगल शीट्स वापरत असाल तर जपून. गोठवलेल्या ओळी उंच असल्या की छोटा पडदा त्यांनीच भरतो आणि खालच्या नोंदी सरकतच नाहीत. मोबाइलसाठी बागेचं नाव नि हंगाम शीटच्या टॅबला द्या, मथळे पहिल्या ओळीत आणा आणि तेवढी एकच ओळ गोठवा. शिवाय ए ते जीपर्यंत मर्ज केलेलं नाव असेल तर गूगल शीट्स २ कॉलम गोठवू देत नाही. आधी अनमर्ज करा.

प्रश्न : पडद्यावर मथळे दिसतात, पण छापल्यावर दुसऱ्या पानापासून नसतात.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : गोठवणं फक्त पडद्यापुरतं असतं. छपाईसाठी ‘पेज लेआउट’ टॅबवर ‘प्रिंट टायटल्स’ उघडा, ‘रोज टु रिपीट ॲट टॉप’च्या चौकटीत क्लिक करा आणि शीटवरच्या मथळ्यांच्या ओळीवर क्लिक करा. प्रिंटच्या पानावरून ‘पेज सेटअप’ उघडलंत तर ही चौकट बंदच दिसेल, म्हणून टॅबवरूनच जा.