विहिरीतला लाल पट्टा

प्रश्न : आमच्या वावरात (तालुका आर्वी) विहीर खोदणं सुरू आहे. मुरमाखाली काळा दगड लागला. तो फोडला तर दोन हात लाल माती, आणि तिच्याखाली पुन्हा दगड, पण छिद्राछिद्रांचा. लाव्हा एकदाच आला असेल तर मधात माती कुठून आली? आणि ज्वालामुखीचा डोंगर कुठे गेला?

उत्तर : लाव्हा एकदाच आला नाही, हे तुमच्या विहिरीनंच सांगितलं आहे. खालचा छिद्रांचा दगड म्हणजे मांजऱ्या, जुन्या थराचा माथा. लाव्ह्यातला वायू वर चढतो आणि वर साय धरली की तिच्याखाली अडकतो, म्हणून बुडबुड्यांची गर्दी माथ्याशी. तो माथा उघड्यावर राहिला, ऊन-पावसात कुजला, त्यातलं लोह गंजून लाल झालं. मग पुढचा लाव्हा त्यावर पसरला.

खात्री करायची तर विहिरीत उतरून पट्ट्याच्या दोन्ही कडा बघा. खाली लाल माती हळूहळू मांजऱ्यात मिसळत जाते. वर मात्र ती काळ्या दगडाशी सुरीनं कापल्यासारखी संपते, आणि तिथली बोटभर माती भाजून विटेसारखी झालेली सापडू शकते. काळ्या दगडाच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसल्या तर मला जरूर फोटो पाठवा. त्यांची वरची टोकं जिकडे झुकतात, तिकडे लाव्हा वाहत होता. पण एका नळीवर विसंबू नका, दहा-पंधरा बघा.

डोंगराचं म्हणाल तर शंकूसारखा डोंगर लागतच नाही. जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांतून हा लाव्हा आला, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि आजही तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. दोन थरांच्या मधल्या काळात इथे तळी होती. नागपूरजवळच्या टाकळीला अशा तळ्याच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन बसलेत. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी 1850च्या दशकात ते अभ्यासले. मी पहिल्यांदा असा शंख तळहातावर घेतला तेव्हा कितीतरी वेळ खाली ठेववला नाही.

आता कामाचं. लाल माती पाण्यानं फुगते आणि ढासळते. माझ्या वडिलांची विहीर दुसऱ्याच पावसाळ्यात याच पट्ट्यावर बसली. तेवढ्या भागाचं बांधकाम आधी करून घ्या, मगच खाली सुरुंग लावा.