चित्रकथेतला बँड ऐकू कसा येणार?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण मिळून एक कॉमिक करतोय. चौघांचा रॉक बँड, त्यांना कुणी विचारत नाही, कार्यक्रम मिळाला तर मानधन मिळत नाही, अशी गोष्ट. पन्नासेक पानं झालीत, त्यातली काही सोबत जोडली आहेत. वाचलेले सगळे म्हणतात, गोष्ट छान, पण गाणं ऐकू येत नाही. स्टेजवरच्या प्रत्येक चौकटीत स्वरचिन्हं उडवलीत, ‘झ्यांग’, ‘धडाड’ लिहिलंय. आणखी काय करू? आणि आवडत्या गाण्यांच्या ओळी पात्रांच्या तोंडी घातल्या तर चालतील का?
– एक चित्रकार वाचक

उत्तर : आधी ती स्वरचिन्हं पुसा. ‘इथे संगीत चालू आहे’ अशी ती पाटी असते, आणि पाटी वाचून कुणाचा पाय ठेका धरत नाही. एखादं ‘झ्यांग’ राहू द्या. जिथे अँपमधून (आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) फीडबॅकची किंकाळी फुटते आणि समोरचा माणूस कानांत बोटं घालतो, तिथेच.

कागदाला आवाज नसला तरी चाल असते. १२०च्या टेम्पोत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत, चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांत संपतो. मात्रेला एक अशा एका ओळीत सारख्या रुंदीच्या चार चौकटी, खाली पुन्हा चार, असं केलंत की वाचकाचे डोळे ठेक्यात सरकू लागतात. तिसऱ्या ओळीत एक चौकट कोरी सोडा. ड्रमरच्या हातून काठी निसटली हे वेगळं सांगावं लागणार नाही.

या अडचणीवर दोन चित्रकारांनी अगदी उलटे उपाय केलेत. ब्रायन ली ओमॅलीने ‘स्कॉट पिल्ग्रिम’ या कॉमिकच्या पहिल्या भागात (२००४) बँडच्या गाण्याचे कॉर्डच (गिटारवर एकत्र छेडायचे स्वर) छापून टाकले: घ्या गिटार, वाजवा. हॅरॉल्ड साकुइशी यांच्या ‘बेक’ या मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये (१९९९ ते २००८), नायक गायला लागला की पानं जवळजवळ मुकी होतात. दिसतात ते ऐकणाऱ्यांचे चेहरे. २०१०मध्ये त्यावर चित्रपट निघाला, तेव्हाही त्या नायकाचा गाण्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकवलाच नाही. माझा कल या दुसऱ्या वाटेकडे. वाचकाच्या डोक्यातला आवाज आपल्या कुठल्याही अक्षरांपेक्षा सरस असतो.

मी बरीच वर्षं एका न गाजलेल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे, त्यामुळे माझी नजर आधी हातांवर जाते. तुमच्या बेसला चार तारा आहेत आणि खुंट्या सहा! तुमचा ड्रमर दोन्ही हात समोर धरून बसलाय. हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेली झांजांची जोडी, त्याच्या डावीकडे असते आणि तो ती उजव्या हाताने वाजवतो, म्हणून हातांची कात्री होते. जोरात वाजवला की बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पुढे सरकतो. तो सरकू नये म्हणून खाली जुना गालिचा घालतात. असला गालिचा हजार ‘धडाड’ना भारी पडतो. आणि गिटारवर फ्लॉइड रोझ ब्रिज (तारांचा ताण स्प्रिंगांवर तोलणारा) असेल तर एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात. ऐन सोलोत हे घडवा, दोन पानांची सोय झाली.

पण खरं सांगू का, मला तुमच्या पानांत आवाजापेक्षा सामान कमी पडलं. तुमचा बँड स्टेजवर उगवतो आणि स्टेजवरच मावळतो. आठ स्पीकरांचं बेस कॅबिनेट, म्हणजे बेस गिटारची स्पीकरपेटी, साठ किलोंच्या आसपास जातं. ते जिन्यावरून चढवताना खालची बाजू कोण धरतं, आणि गायक फक्त आपला माइक खिशात घालून पुढे कसा जातो, हे एका पानावर काढा. पुढे बँड का फुटला हे समजावत बसावं लागणार नाही. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, मुख्य बँडचा आधी होतो, त्यांचा ड्रमसेट जागचा हलत नाही, मग आधी वाजवणारे चौघे त्याच्यापुढे, स्टेजच्या कडेवर, कोपराला कोपर लावून उभे राहतात. ही चौकट फुकट मिळालीय, घ्या! कार्यक्रम संपला की गायक लोकांत मिसळलेला असतो आणि ड्रमर एकटा झांजांचे नट सोडवत बसलेला असतो.

ओळींचं विचाराल तर गाण्याचं नाव खुशाल घ्या, पण शब्द छापायला हक्कधारकाची परवानगी लागते. तो बहुतेक वेळा गायक नसून प्रकाशन कंपनी असते. ‘दोनच ओळी आहेत’ ही सबब धरून चालू नका. त्यापेक्षा गाणी स्वतः लिहा. बरी जमली नाहीत तरी बिघडत नाही. धडपडणाऱ्या बँडची गाणी जरा कच्चीच असतात.

प्रश्न : माझं कॉमिक आमच्याच मोडलेल्या बँडवर आहे. नावं बदललीत, तरी मित्र ओळखतील अशी भीती वाटते.
– एक माजी गिटारवादक

उत्तर : ओळखणारच. वादक नावावरून नाही, वाद्यावरून स्वतःला शोधतो. तेव्हा वाद्यं बदला: ड्रमरचा स्वभाव गिटारवाल्याला द्या, गायकाचा बेसवाल्याला. पैशाच्या वाटणीचं भांडण मात्र आहे तसं ठेवा, ते प्रत्येक बँडला आपलंच वाटतं. कुणाचं आजारपण किंवा घरचं काही आलं असेल, तर ती पानं छपाईआधी त्या माणसाला दाखवा, आणि तो नको म्हणाला तर काढून टाका.