समदुःखींचा सल्ला किती मानावा?

प्रश्न : पत्नीला मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकून दुबळे होण्याचा आजार) आहे. व्हॉट्सॲपवरील रुग्णगटात कुणी पायरिडोस्टिग्मिनच्या (स्नायूंची ताकद वाढवणाऱ्या) गोळ्या वाढवायला सांगतात, तर कुणी स्टेरॉइड बंद करायला. काय करावे?

उत्तर : गट सोडू नका, पण औषधाची मात्रा तिथे ठरवू नका. संध्याकाळ झाली की पापणी मिटू लागते, घास चावताना जबडा थकतो, आणि घरच्यांना (क्षमा करा) तो आळस वाटतो. गटात हे समजावून सांगावे लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके अशक्तपणा वाढवू शकतात, ही जुन्या रुग्णांकडून मिळणारी माहिती खरी असून, अशा औषधांची यादी डॉक्टरांकडून तपासून फाइलच्या पहिल्याच पानावर लावावी. स्टेरॉइड एकाएकी थांबवणे मात्र धोक्याचे आहे, आणि पायरिडोस्टिग्मिन जादा झाले तरी स्नायू दुबळेच होतात. श्वास अपुरा पडू लागला किंवा गिळता येईनासे झाले, तर गटावर विचारत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.