पास पुन्हा घ्यायचा की नाही, ते कलम १४ ठरवेल

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय: "गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शालकांच्या नादाने चौघांचे एका थीम पार्कचे वार्षिक पास घेतले. प्रत्येकी ३,४९९, मिळून १३,९९६ रुपये. 'वर्षभर, कितीही वेळा' असं पत्रकावर छापलं होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत एकदा जाऊन आलो. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर गेटवर सांगितलं, आज ब्लॅकआउट आहे, पास चालणार नाही. मुलं रडकुंडीला आली, म्हणून रोजची चार तिकिटं काढली, ५,१९६ रुपये. नंतर तीनदा फोन केले, दाद नाही. आता मेसेज आलाय की चार दिवसांनी पास आपोआप रिन्यू होईल, २० टक्के सूट आहे. मुलं म्हणतात राहू द्या, पत्नी म्हणते आधी दिवाळीचे पैसे मागा. आते काय करानं, भाऊ?"

सर, पत्रासोबत तुम्ही रिन्यूअलच्या अटींची सहा पानं जोडलीत. ती तुम्ही स्वतः वाचली असतीत तर प्रश्न वेगळा विचारला असतात. वर्गात उतारा वाचून मगच उत्तर लिहायला लावणारी माणसं अटींच्या खाली बिनदिक्कत 'मान्य' दाबतात, हे मी आता गृहीतच धरून चालतो. जिमची फी असो, क्लासचा ॲडव्हान्स असो, नाहीतर सुट्टीच्या क्लबची मेंबरशिप. धुळ्यापासून भुसावळपर्यंतचे असे प्रश्न दर महिन्याला येतात आणि बहुतेकांत सगळं एका ओळीवर अडलेलं असतं.

तुमची ओळ पाचव्या पानावर आहे, कलम १४. 'नूतनीकरण झाल्यावर आधीच्या पासच्या कालावधीतील सर्व तक्रारी व दावे पूर्ण समाधानाने निकाली निघाले असे मानले जाईल.' २० टक्के सूट कशाबद्दल आहे, ते इथे कळतं. सूट होते २,८०० रुपयांची आणि तिच्या बदल्यात तुम्ही ५,१९६ रुपयांच्या तिकिटांवर आणि पासच्या वाया गेलेल्या भागावर पाणी सोडता. करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे ज्याचं येणं आहे तो त्याऐवजी दुसरं काहीही समाधान म्हणून स्वीकारू शकतो आणि मग मूळ येणं उरत नाही. स्वीकारायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे. पण तुमचं स्वीकारणं चार दिवसांनी तुमच्या बँकेचं सर्व्हर करून टाकणार आहे.

म्हणून पहिलं काम आजच. पैसे भरताना यूपीआयचा ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप कापण्याची परवानगी, तुम्हीच पिन टाकून मंजूर केला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, ती येईलही. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी पिन लागत नाही आणि तुमची रक्कम सुटीनंतर ११,१९६ आहे. म्हणजे तुम्ही वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे असाल आणि खिशातल्या फोनवर नूतनीकरण होऊन गेलेलं असेल. ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे पार्कच्या नावाची नोंद उघडा आणि ती रद्द करा. 'पॉज' करू नका. पॉज म्हणजे थांबवणं, ते पुन्हा सुरू होतं. रद्द केल्यावर येणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा काढा आणि मँडेट रद्द केल्याचं पार्कला ईमेलने कळवा. पार्कच्या स्वतःच्या ॲपमध्ये रद्द करण्याचं बटण सापडलं नाही, तर तेही स्क्रीनशॉटने टिपून ठेवा. ऑनलाइन फसव्या मांडणीविरुद्ध २०२३ च्या नोव्हेंबरात जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात रद्द करण्याची वाट लपवणं किंवा अवघड करणं हा प्रकार नावानिशी आहे.

समजा हे वाचेपर्यंत पैसे गेलेच. तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी कळवा की हे नूतनीकरण मला मान्य नाही, कलम १४ मान्य नाही, रक्कम परत करा. आणि नव्या पासवर एकदाही गेटमधून आत जाऊ नका. महिनाभर गप्प बसून मग एका रविवारी मुलांना घेऊन गेलात, की 'मी मान्य केलंच नव्हतं' हे कुठल्याही ग्राहक आयोगापुढे सांगणं कठीण होईल. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली म्हटलंय की 'सगळं पावलं' अशा पावतीवर सही केली एवढ्यावरून ग्राहकाची तक्रार बंद होत नाही. त्याच निकालात पुढे हेही आहे की ती सही फसवून, दिशाभूल करून किंवा दबावाखाली घेतली, हे ग्राहकाने दाखवायचं. ते दाखवत बसण्यापेक्षा सही न करणं सोपं.

आता दिवाळीचे पैसे. इथे सगळं एका गोष्टीवर आहे आणि ती मला तुमच्या पत्रातून नीट कळत नाही. ब्लॅकआउटच्या, म्हणजे पास चालत नाही त्या, तारखांची यादी तुम्हाला पैसे भरण्याआधी दाखवली होती की नंतर? तुम्ही लिहिता, 'पासच्या ईमेलमध्ये एक लिंक होती.' तो ईमेल पैसे भरल्यावर आला असणार. त्याआधी कुठे ती यादी होती का? पैसे भरण्याच्या पानावर खाली बारीक अक्षरात असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी होते. नसेल, आणि पत्रकावर 'वर्षभर, कितीही वेळा' असेल, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडता येते, सोबत सेवेतली त्रुटी.

पण पत्रक कुठे आहे? 'घर आवरताना रद्दीत गेलं.' सर, त्या एका कागदाची किंमत ५,१९६ रुपये होती. शालकांना विचारा. त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकल्याशिवाय तुम्ही पास घेतला नसणार. सापडला तर तो पुढे पाठवून घेऊ नका, ज्या फोनवर मूळ मेसेज आहे तो तसाच राहू द्या. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते मूळ फोन हाताशी असला की सरळ होतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी समोरचा वकील हरकत घेईल ही खूणगाठ बांधून ठेवा. रोजच्या तिकिटांची पावती आणि यूपीआयची नोंद तुमच्याकडे आहे, हे एक बरं केलंत. त्या तारखेला तुम्ही गेटवर होतात आणि पास असूनही वेगळे पैसे भरलेत, हे त्या एका नोंदीवरून दिसतं.

तीन फोनांचा मात्र काही उपयोग नाही. तक्रार क्रमांक नाही, कोणाशी बोललात त्याचं नाव नाही. फोनवर संताप मोकळा होतो, पुरावा होत नाही.

मुदतीची घाई नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, म्हणजे त्या दिवाळीपासून पुढची दोन वर्षं. याचा अर्थ पुढच्या दिवाळीपर्यंत झोपा काढा असा नाही. माझ्याकडे दोन वर्षं संपायला आठवडा उरला असताना येणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यातले निम्मे कागद शोधत असतात.

आधी लेखी नोटीस द्या, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. वकिलाची गरज नाही. त्यात एक वाक्य हवंच: 'जुन्या पासबाबतचा माझा दावा कायम ठेवून हे पत्र देत आहे.' तिकिटांचे ५,१९६ मागा, पासच्या रकमेचा वाजवी हिस्सा मागा, पंधरा दिवस द्या. मानसिक त्रासाचे पाच लाख लिहू नका. असा आकडा वाचला की उरलेली तक्रारही कोणी गांभीर्याने घेत नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि काही कंपन्या त्या टप्प्यावरच पैसे परत करतात. सगळ्याच करतात असं नाही.

तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्या बाबतीत जळगावचा. अटींमध्ये 'फक्त मुंबईचे न्यायालय' असं वाचून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. 'वाद लवादाकडेच न्यायचा' अशा कलमाचंही तसंच, ग्राहकाला आयोगाकडे जाण्यापासून ते अडवत नाही. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क नाही. एका बाबतीत सांभाळा. रागाच्या भरात तक्रारीत 'कलम १४ हा अन्यायकारक करार आहे, तो रद्द ठरवा' अशी मागणी घालू नका. अन्यायकारक कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्या राज्य आयोगाकडे जातात. पाच हजारांसाठी तुम्हाला तिकडे खेपा घालायच्या नाहीत. त्रुटी आणि अनुचित प्रथा, एवढ्यावरच राहा.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने. कायदा लिहिणाऱ्यांनी आयोगांमधल्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या नव्हत्या. समोरच्याने उत्तर ३० दिवसांत द्यायचं, फार तर आणखी १५ मिळतात, आणि हे ४५ दिवस ओलांडता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तेवढं एक पाळलं जातं. त्यानंतर तारीख, सदस्य रजेवर, तारीख, वकील आजारी, तारीख. निकालाची वेळ मी सांगणार नाही. एवढं खरं की इतक्या लहान रकमेसाठी जळगावला वकील पाठवत राहणं पार्कलाही परवडत नाही, म्हणून अशा प्रकरणांत तडजोडीची बोलणी पहिल्या एक-दोन तारखांतच निघण्याची शक्यता बरी असते.

आता मुलांचा प्रश्न. पास पुन्हा घ्यावा का, याला वकिलाची फी लागत नाही, रिन्यूअलच्या सहाव्या पानावरची यादी आणि शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवा. संपूर्ण मे. दिवाळीचा पंधरवडा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी. जोडून येणाऱ्या सगळ्या सुट्ट्या. उरले ते श्रावणातले रविवार, आणि त्यातल्या एका रविवारी तुमच्याकडे कानबाई बसते. पार्कच्या जवळ, पनवेलला राहणाऱ्या माणसाला बुधवारी संध्याकाळीही तिथे जाता येतं. तुम्हाला चोपड्याहून एसटीने जळगाव, तिथून रात्रीची गाडी, परतीला तेच. एका रविवारासाठी दोन रात्री प्रवासात आणि सोमवारी सकाळी शाळेत हजेरी. ज्या दिवशी तुम्हाला जाता येतं त्या दिवशी पास चालत नाही, आणि पास चालतो तेव्हा तुम्हाला जाता येत नाही. यंदा ही यादी तुमच्या हातात पैसे देण्याआधी आहे. ती पाहून रिन्यू केलंत तर पुढच्या दिवाळीला गेटवर अडवल्यावर 'मला सांगितलंच नाही' हा मुद्दाही उरणार नाही. जुना दावा कलम १४ ने जाईल, नवा तुमच्या माहितीने. माझं मत विचाराल तर रिन्यू करू नका. वर्षातून एकदा रोजचं तिकीट काढून जा, ते चौघांना ५,१९६ मध्ये पडतं.

आणि मुलांनी हट्टच धरला तर? पार्कला आधी ईमेल करा: 'जुना दावा कायम राहील आणि कलम १४ मला लागू होणार नाही, असं लेखी कळवल्यास नूतनीकरण करतो.' होकार आला तर खुशाल करा. उत्तरच आलं नाही तर त्याला होकार समजू नका.

पत्नीच्या नावावर नवा पास घेतला तर चालेल का, हे तुम्ही शेवटी बारीक अक्षरात विचारलंय. चालू शकेल. नव्या खरेदीला नूतनीकरणाचं कलम सहसा लागत नाही, सुटीचे २,८०० तेवढे जातील. पण 'कुटुंबातील कोणाच्याही आधीच्या पासबाबत' अशा अर्थाचं काही नव्या अटींत घुसवलंय का, ते पैसे भरण्याआधी बघा. सहाही पानं. आणि पैसे भरताना ऑटोपेची खूण आधीच केलेली असेल, ती काढून टाका.