चार दिवस काहीच न करण्याची तयारी

श्रावण लागला की घरोघरी दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मॅडम, फिरून आल्यावर दमणूक घालवायला वेगळी रजा काढावी लागते." बोलणारी बहुतेक वेळा बाई असते आणि ती यासाठी आलेली नसते. झोप उडालीय, चिडचिड होते, म्हणून आलेली असते. सहलीचा विषय जाता जाता निघतो. मी मात्र तिथेच थांबते. माणूस कामात कसा वागतो यापेक्षा सुट्टीत कसा वागतो, यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते लवकर कळतं.

अशा तीन-चार जणींचं मिळून इथे एकच माणूस केलंय. तिला वहिनी म्हणते, कारण घरीदारी सगळे तिला तेच म्हणतात. डोंबिवलीत राहणारी, मुंबईला नोकरी करणारी. घरात नवरा, सासूबाई, कॉलेजातली मुलगी, नववीतला मुलगा.

दुसऱ्या भेटीत तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. वर ठळक अक्षरात 'गोवा : 4 रात्री 5 दिवस'. खाली वेळांसकट एकोणीस ठिकाणं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून कुळ्याला जीप धरून दूधसागर, दुपारी मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, संध्याकाळी जुन्या गोव्यातली चर्च, रात्री पणजीला मांडवी नदीतली बोट. मुक्काम बाणावलीच्या एका बीच रिसॉर्टमध्ये. गोव्याचा नकाशा ठाऊक असलेल्या कुणालाही वाचूनच घाम फुटावा.

"समुद्र कधी?" मी विचारलं.

तिने कागद उलटला. "चौथ्या दिवशी. सहा ते साडेसात."

"मग समुद्राकाठचं रिसॉर्ट कशाला घेतलंत?"

"निवांत राहायचंय ना, म्हणून."

मी हसले. दोन क्षणांनी तीही हसली, पण तिचं हसू टिकलं नाही.

मग ती एकेक ओळ समजावू लागली. एवढं लांब जातोय तर दूधसागर बघायलाच हवा. आईंना कुलस्वामिनीला न्यायलाच पाहिजे. मुलगा वॉटर स्पोर्ट्स मागणारच. ह्यांना दोन्ही वेळ मासे लागतातच. मी वहीत रेघा मारत होते. पंधरा मिनिटांनी मोजल्या, सव्वीस भरल्या.

"कसल्या रेघा मारताय?"

"तुमच्या 'च'च्या."

शाळेत आपण 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून पाठ केलं आणि विसरलो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या परंपरेतली. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचे आपले हट्टी आग्रह आपल्याला जास्त छळतात, ही मांडणी त्यांनी 1955 च्या सुमारास सुरू केली. इंग्रजीत हे आग्रह पकडायला अख्खी क्रियापदं शोधावी लागतात. मराठीत ते एका अक्षरात सापडतात. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, समोरच्या खुर्चीवरच्या बायकांनी शिकवली, आणि तिचा मला थोडा अभिमान आहे हे लपवत नाही.

"हीच यादी 'च' गाळून वाचा," मी म्हटलं.

तिने खेळ समजून सुरुवात केली. दूधसागर बघायला आवडेल. मासे मिळाले तर छान. तिचा आवाज सैल होत गेला. शेवटी कागदावर नसलेलं एक वाक्य तिच्या तोंडून आलं : "आणि सगळ्यांना मजा आलीच पाहिजे." ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं. "हा 'च' निघत नाहीये, मॅडम."

"नाही आली कुणाला मजा, तर?"

"तर माझं चुकलं."

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणं बोलण्याचा मोह होतो. पूर्वी मी त्याला बळी पडायचे. आता पाण्याचा ग्लास पुढे सरकवते.

मग महाबळेश्वरची गोष्ट बाहेर आली. नऊ वर्षांपूर्वी ठिकाण तिने सुचवलं, हॉटेल तिने ठरवलं. पाऊस थांबेना, खोलीत ओल, मुलाला ताप. परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "आपलं घरच बरं." त्या आपल्याशीच बोलल्या असतील. पण वहिनींनी ते वाक्य नऊ वर्षं जपून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक सहलीला वेळापत्रक केलं, कुणाला कंटाळायला मोकळा तासच सापडू नये म्हणून. सासूबाईंच्या त्या वाक्यातही एक 'च' आहे, हे मी तिला दाखवलं तेव्हा ती खळखळून हसली. तिचं मोकळं हसू मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

इथून माझं काम सल्ल्याकडे वळलं. तो इतरांच्याही उपयोगाचा आहे म्हणून सांगते.

निवांत बसणं ही सवय आहे, आणि ती सुटकेसमध्ये भरून नेता येत नाही. वर्षभर पाच मिनिटं न टेकलेली बाई समुद्रासमोरच्या आरामखुर्चीत बसवली की तिला ओले टॉवेल दिसतात. म्हणून मी वहिनींना सांगितलं, रोज संध्याकाळी अर्धा तास गॅलरीत बसायचं. फोन नाही, निवडायला भाजी नाही. पहिल्या दिवशी ती चार मिनिटांत उठली, मटकी भिजत घालायची राहिली होती. दुसऱ्या आठवड्यात बारा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "आमच्या गल्लीत सायकलवर इडलीवाला येतो, त्याचा तो भोंगा. मला वाटायचं तो सकाळीच येतो. संध्याकाळीही येतो की!" एवढी वर्षं ती त्याच गल्लीत राहतेय.

"पण नुसतं लोळायला एवढे पैसे घालवायचे?" हा प्रश्न नवऱ्याचा, चौथ्या भेटीला तो सोबत आला तेव्हाचा. हिशेबी माणसाला मी आकडेच देते. 2010 साली 1,530 डच प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहलीला गेलेले लोक जाण्याआधी जास्त खूश होते. परतल्यावर मात्र ते न गेलेल्यांइतकेच खूश. अपवाद फक्त ज्यांची सहल अगदी निवांत झाली त्यांचा. खर्च वसूल व्हायचा असेल तर तो इथे होतो. एका अभ्यासावरून जगाचे नियम करू नयेत, हेही मी त्याला सांगितलं, पण तोवर त्याला पटलं होतं.

मग कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवा बेत केला. बाणावलीबद्दल म्हणतात की परशुरामाने समुद्र हटवायला सोडलेला बाण तिथे पडला. त्याला एक बाण पुरला, आपल्याला एक मुक्काम पुरावा. ठाण्याहून दिवसाची मांडवी एक्सप्रेस, मडगावला उतरून टॅक्सी, अर्ध्या तासाच्या आत रिसॉर्ट. पाच दिवसांतला खरा प्रवास इतकाच. जायचं भाऊबीज उरकल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी. नाताळ ते नव्या वर्षाचा आठवडा टाळाच, गर्दीही फार आणि भावही चढे. (हा 'च' माझा. काही 'च' असू द्यावेत.) पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हिरवाई आणि शांतता धरून चालावी, जून ते सप्टेंबर समुद्रात उतरू देत नाहीत. एरवीही पाण्यात जायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे.

रिसॉर्टला फोन करून वहिनींनी विचारलं ते एवढंच : वाळूपर्यंत चालत किती मिनिटं, शेजारी बांधकाम चालू आहे का, आईंसाठी तळमजल्याची खोली मिळेल का, रात्रीचं जेवण तिथेच होईल का. फोटोंपेक्षा या चार उत्तरांवर विसंबावं.

आणि कामं वाटली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा सकाळी आठला लॉगिन करून बसणं नवऱ्याकडे. टॅक्सी मुलीकडे. प्रवासातला खाऊ सासूबाईंकडे, त्या तर खूशच झाल्या. शांतादुर्गा यादीत राहिली, पण तिथे आईंना घेऊन त्यांचा मुलगा जाणार, सून नाही. यावर वहिनी आठवडाभर अडल्या. "देवीला काय वाटेल?" मी म्हटलं, देवीचं मला सांगता येणार नाही, तुम्हीच सासूबाईंना विचारा. सासूबाई म्हणाल्या, "तू पड गं. मी आणि तो जाऊन येतो." नऊ वर्षांचं ओझं आणि दोन वाक्यांत निकाल! हे वाक्य त्या पहिल्या वर्षीही म्हणाल्या असत्या, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

एक सांगायला हवं. ज्याला भटकण्यातच आराम मिळतो त्याने खुशाल एकोणीस ठिकाणं करावीत. आणि विश्रांती घेऊनही थकवा, झोपेची तक्रार, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर समुद्रावर जाण्याआधी डॉक्टरकडे जावं.

गोव्याहून आल्यावर वहिनी एकदाच आल्या, नाक आणि कपाळ रापलेलं. दूधसागर राहिला. मुलगा दुसऱ्या दिवशी "बोअर होतंय" म्हणाला, मग शेजारच्या खोलीतल्या मुलांबरोबर वाळूत क्रिकेट खेळायला गेला. सासूबाई एकदा म्हणाल्या, जेवणात मीठ कमी आहे.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. मीठ टेबलावर होतं."

मी सुशेगादचा विषय काढला. शांत, निवांत या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून गोव्याने घडवलेला हा शब्द हल्ली टी-शर्टांवर छापतात, जणू तिथे कुणी काम करतच नाही. तेव्हा वहिनींना पोदेर आठवला, सायकलवर पाव विकणारा. तो अंधारात उठून भट्टीवरचे पाव घेऊन निघतो, तेव्हा बाकीच्यांचं निवांतपण जमतं.

"तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भोंगा वाजला," ती म्हणाली. "मला क्षणभर आमच्या गल्लीतच आहे असं वाटलं. उठायला पाय खाली घेतले. तेवढ्यात हे आणि मुलगा अनवाणीच बाहेर पळाले. येताना पंचवीस पाव. आम्ही माणसं पाच, आणि नाश्ता रिसॉर्टचा फुकट."

"तुम्ही काय म्हणालात?"

"पाय परत वर घेतले."